गोळाभाताची जाहीर सूचना

एकतीस वर्षं मी बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून माइकवर सूचना दिल्या. माझं ऐकून काटोलचा माणूस उमरेडला पोचला, असं एकदाही झालं नाही! कागदावर जे लिहिलंय ते वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. त्यामुळे करोनात शाळा बंद झाल्या आणि शाळेच्या सगळ्या सूचना मोबाइलवर यायला लागल्या, तेव्हा मी मुलाला छातीठोकपणे सांगितलं, "सुमंत, उन्नतीच्या शाळेचं माझ्यावर सोड. सूचना म्हणजे आपल्या हातचा मळ!"

सुमंत आणि सूनबाई भैरवी दोघंही हॉस्पिटलात कामाला. त्या दिवसांत त्यांची राहायची सोय तिकडेच होती. हुडकेश्वरच्या घरात मी आणि चौथीतली नात उन्नती, एवढेच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शाळेत नंबर दिलेला होता माझ्या बायकोचा, सुमतीचा. उन्नतीच्या शाळेचं सगळं तीच बघायची. आदल्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. तिचा फोन मी चालू ठेवला. त्यावर नाव तिचं, फोटोही तिचा, रामटेकला काढलेला, पिवळ्या साडीतला. तो बदलायला माझं बोट काही वळलं नाही. त्यामुळे पालकांच्या ग्रुपवर मी जे लिहायचो ते सुमतीच्या नावानं जायचं.

वर्गशिक्षिका रितिका मॅडम नवीन होत्या. पहिल्याच दिवशी त्यांचा निरोप आला, "नमस्कार सुमतीताई! वेळापत्रक मिळालं का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, कबूल! पण कित्येक महिन्यांत तिला कुणी नमस्कारच केला नव्हता हो. मी लिहिलं, "मिळालं. नमस्कार."

मग ते रोजचंच झालं. "छान सुमतीताई!" "सुमतीताईंच्या घरचा गृहपाठ सगळ्यात आधी!" मी पहाटेच आंघोळ करून, पहिल्या बसला निघालेल्या पाहुण्यासारखा फोनसमोर बसायचो.

शेजारच्या कौशल्याबाईंचा नातू बंटी उन्नतीच्याच वर्गात. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून मला झाडलं. "भाऊजी, हे काय करून राहिले तुम्ही? त्या मॅडमले सांगून टाका ना!"

"सोमवारी सांगतो."

"किती सोमवार झाले?"

मी घरात कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून आत गेलो. कुकर लावलेलाच नव्हता.

आणि मग ती सूचना आली. "उपक्रम, वाचा आणि करा! सुमतीताई, आपल्या भागातला एखादा पदार्थ लिहून द्याल का? रविवारी सगळी मुलं तो करतील."

मी खुर्चीतून उडालोच! अठ्ठावीस घरांत सुमतीचा पदार्थ! शेवटचे सहा महिने ती अंथरुणावर होती आणि चूल माझ्या हातात आली होती. ती पलंगावरून सांगायची, मी वहीत लिहायचो. ती वही काढली. पान तिसरं, गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, तेलाचं मोहन, तिखट, हळद, हिंग. घट्ट गोळे वळायचे, भाताचं पाणी आटत आलं की त्यात ठेवायचे, झाकण घालायचं. वाढताना वरून हिंग-मोहरीची फोडणी. मी शब्दन् शब्द उतरवून पाठवला. पदरचं काही घातलं नाही!

मॅडमनी खाली नियम जोडले. "मुलांनी स्वतः वाचून करायचं. मोठ्यांनी गॅसजवळ उभं राहावं, पण लिहिलंय तेवढंच घालू द्यावं. सूचना तंतोतंत पाळल्यास पाच गुण."

रविवारी बारा वाजता फोटो यायला लागले. काय ते गोळे! कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा नारळाएवढा. "धन्यवाद सुमतीताई!" असे एकवीस निरोप मी मोजले.

एक वाजता सगळी घरं जेवायला बसली.

सव्वाला उन्नतीच्या वर्गातल्या पियूषचे वडील ताराचंद, आमच्या चौकातले हार्डवेअरवाले, त्यांचा ग्रुपवर आवाज आला. घोगरा, घाबरलेला. "मॅडम, मले जेवणाची चव लागून नाही राहिली! पोट्टा म्हणते, सगळं लिहिल्यासारखंच टाकलं. मी वरच्या खोलीत कोंडून घेतलं स्वतःले!"

तुम्हाला ते दिवस आठवतात ना? चव गेली म्हणजे दुसरं काय!

"आमच्याकडेही तेच!"

"आमच्या सासूबाईंना पण नाही लागत!"

"घरच्या पाचही जणांची गेली!"

पंधरा मिनिटांत एकोणीस घरांची चव गेली. कुणी फिनाईल हुंगून बघत होतं, कुणी कापूर. ताराचंदनी खात्री करायला भिवापूरची अख्खी मिरची चावली आणि रडत सांगितलं, "जळून तर राहिलं, पण चव नाही!" मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शुक्रवारी हे सगळे शाळेत पुस्तकं घ्यायला एकाच रांगेत उभे होते. झालं! रितिका मॅडमची तातडीची सूचना आली. उद्याचं उरलेलं वाटप रद्द, सर्वांनी घरातच थांबावं, तपासणीसाठी नावं द्यावीत.

मी माझ्या ताटातला घास तोंडात घातला. चव नव्हती. पण मी घाबरलो नाही, कारण तिनं चूल सोडल्यापासून मला गोळाभाताची चव लागलीच नव्हती. आता ती नाही, तर चव कुठून येणार, असं मी धरूनच चाललो होतो.

मी उन्नतीकडे बघितलं. ती लोणच्याची फोड चोखत मजेत जेवत होती.

"बेटा, तुले चव लागून राहिली का वं?"

"लोणच्याची लागते."

"अन् गोळाभाताची?"

"त्याची कधीच नाही लागत, आबा. तुम्ही मीठच टाकत नाही ना!"

मी घास ताटात परत ठेवला. "मग आजवर सांगितलं काहून नाही?"

ती म्हणाली, "मले वाटलं, आजीसाठी नाही टाकत."

मी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मीठ हा शब्द नाही! कसा असणार? किडनीच्या दुखण्यात डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं. ती तिच्या पथ्याचं सांगायची, मी मुकाट उतरवायचो. सुमंत आणि भैरवी हॉस्पिटलातच जेवायचे, घरी आम्ही तिघं तेच खायचो. ती गेली, पण मी पथ्य पाळतच राहिलो. आता माझ्याबरोबर अठ्ठावीस घरं पाळत होती!

एवढ्यात ग्रुपवर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. "अहो, मीठच नाही यात! सुमतीताई विसरल्या वाटते."

"वय झालं की होते असं."

"बाईले सयपाक येत तरी असंन का?"

हे मात्र मला सहन झालं नाही! जिच्या हातचा गोळाभात खायला मनीषनगरहून माणसं यायची, तिला सयपाक येत नाही? मी फोन तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. सवयीनं तोंडून निघालं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!"

मग सगळं सांगितलं. ही सुमती नाही, मी तिचा नवरा गिरिधर. ती मागच्या दिवाळीआधीच गेली. हात तिचा कधीच चुकला नाही, वही माझी चुकली. मीठ गोळ्यातही घालायचं, भातातही. कुणालाही काही झालेलं नाही, ताराचंदभाऊंनी खाली उतरून यावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

दहा मिनिटांनी ग्रुपवर पुन्हा ताराचंदांचा आवाज आला. "उतरलो. मीठ भुरभुरून खाल्लं. वहिनीचा गोळाभात एक नंबर आहे, भाऊ!" भिंतीपलीकडून कौशल्याबाई ओरडल्या, "आला म्हणायचा एकदाचा सोमवार!"

रात्री मॅडमचा फोन आला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं. ग्रुपमध्ये तुमचं नाव टाकू का?"

मी म्हटलं, "मॅडम, नाव तिचंच राहू द्या. चुका तेवढ्या माझ्या नावावर टाका."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी फोनसमोर तयार. निरोप आला, "नमस्कार, सुमतीताईंचे मिस्टर! वाटप आज ठरल्या वेळी." एकतीस वर्षं अख्ख्या बसस्टँडवर ज्याचा आवाज घुमला, त्याची ही बढती!

त्या दुपारी मी पुन्हा गोळाभात केला. वहीत पेननं ठळक लिहिलं, मीठ. गोळ्यात घातलं, भातात घातलं, आणि तिची आठवण म्हणून फोडणीतही घातलं.

उन्नतीनं एक घास खाल्ला, उठली, लोणच्याची बरणी आत ठेवली आणि दह्याचं अख्खं पातेलं घेऊन आली.