ट्रेलरचा अर्थ लागेना

सुरक्षितता कार्यालयाच्या नव्या ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत, ही बाब चालकाने सकाळी सकाळी साहेबांच्या निदर्शनास आणून दिली, आणि तिथेच त्याचं चुकलं. निदर्शनास येईपर्यंत बाब अस्तित्वातच नव्हती. आता ती होती, आणि तिचं काहीतरी करणं भाग होतं.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक लांबलचक खोली. आत हेल्मेटं, आग विझवायची लाल नळकांडी आणि मोडलेल्या पायाचं एक मोठं रंगीत चित्र. बाहेरून लिंबासारखा पिवळाधमक रंग आणि त्यावर हातभर अक्षरांत घोषवाक्य, 'सुरक्षितता आपल्या दारी'. जीपने हे धूड गल्लोगल्ली ओढत न्यायचं आणि माणसाने जपून कसं राहावं ते लोकांना दाखवायचं, अशी योजना होती. ब्रेक विजेचे. जीपमध्ये पाय दाबला की वायरीतून वीज मागे जायची आणि चाकांतली चुंबकं चाकं धरून ठेवायची. रंगकाम झालं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत धरायची. आता चालक पाय दाबून दाबून दमला, तरी ट्रेलर आपला मागून जीपला ढुशा देत होता.

"लागत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"थांबत नाही, साहेब."

"मग चांगलंच आहे की. आपल्याकडे बाकी सगळं थांबलेलंच आहे."

"उद्या उद्घाटनाला तो टेकडीवरून खाली मैदानात न्यायचाय. उतार सरळसोट. खाली वळणावर पहिलंच घर आमच्या सासूबाईंचं. त्या दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसलेल्या असतात."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे यात तुमचा वैयक्तिक हितसंबंध आहे."

सासूबाईंचं आणि चालकाचं सख्य होतं असं कुणीच म्हटलं नसतं. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला दारात कधी 'या' म्हटलं नव्हतं, 'आलात का' एवढंच म्हटलं होतं, आणि तेही उंबऱ्यावर काही सांडल्यासारखं बघत. पण म्हणून काय कुणी सासूवर ट्रेलर घालतं? आणि घातलाच, तर संध्याकाळी घरी कुठल्या तोंडाने जायचं?

शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावण्यात आलं. तो ट्रेलरखाली शिरला, एक छोटा दिवा लावून वायरी तपासल्या आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "वीज जातेय झकास. पण अर्थ मिळत नाहीये."

हेडक्लार्क दचकला. "काय मिळत नाहीये?"

"अर्थ. याला अर्थच नाही."

"अहो, हळू बोला. वर कळलं तर अर्थखात्याला वाटेल आपण पैसे मागतोय."

साहेब मात्र दुखावले. आपल्या कार्यालयाच्या वाहनाला अर्थ नाही, हे बाहेरच्या माणसाने यावं आणि जमिनीवर आडवं पडून सांगावं, हे त्यांच्या पचनी पडेना. इलेक्ट्रिशियन हातवारे करून सांगत होता की अर्थ म्हणजे अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, म्हणजे ही काळी वायर. पण अर्थासंबंधीची प्रकरणं भाषा अधिकाऱ्यांकडे जातात, आणि ते जिन्याखालच्या खोलीत बसतात. त्यांच्याकडे आजवर कुणी काही तातडीचं मागितलंच नव्हतं. गडी हरखून गेला आणि चहा निवायच्या आत उत्तर घेऊन स्वतः वर आला. 'ट्रेलर: जे स्वतः चालत नाही, परंतु पुढच्याच्या मागे मुकाट्याने जाते, ते.'

"इथे आपल्या सगळ्यांनाच लागू पडेल," हेडक्लार्क म्हणाला.

"आधी ट्रेलरला लावा," साहेब म्हणाले.

तसा तो अर्थ जाड कागदावर छापून, खळ फासून ट्रेलरच्या मागल्या दाराला लावण्यात आला. मग चाचणी झाली. चालकाने पाय दाबला, ट्रेलरने जीपला ढकललं आणि जीपने साहेबांच्या खिडकीखालची कुंडी फोडली. अर्थ लावूनही ब्रेक लागत नाहीत त्या अर्थी दोष चालकाच्या समजुतीत असावा, असा एकमताने निष्कर्ष निघाला.

इलेक्ट्रिशियनची आता सटकली. त्याने सगळ्यांना ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याशी नेलं आणि काळ्या वायरीच्या टोकाचा बोल्ट दाखवला. "हा उघड्या लोखंडाला टेकायला हवा. याच्या खाली रंग आहे. बोल्ट काढून, खाली रंग मारून, पुन्हा आवळून बसवायची अक्कल कुणाची?"

चालकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अक्कल त्याचीच होती. तीळभरही जागा कोरी राहता कामा नये, असं साहेब म्हणाले होते आणि त्याने ते मनावर घेतलं होतं. सगळे बोल्ट काढून त्याने खालीसुद्धा दोन-दोन हात मारले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमानच होता.

"नखाएवढा रंग खरवडा, काम झालं," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"खरवडा?" साहेब म्हणाले. "मंजूर झालेला रंग आहे तो. खरवडणं म्हणजे मालमत्तेचं विद्रूपीकरण. परवानगी लागेल."

"कुणाची?" चालकाने विचारलं.

"माझी."

"मग द्या ना, साहेब."

"देणारा मी असलो तरी मागणारा मी नाही. आणि मागणाऱ्याचा रंगाशी संबंध असून चालत नाही. रंग तुम्ही दिलाय. शिवाय सासूही तुमचीच."

इलेक्ट्रिशियनने पिशवी आवरली. उद्या आपण त्या रस्त्याने फिरकणार नाही एवढं सांगून तो निघून गेला.

घरी येऊन चालकाने बायकोला सगळं सांगितलं. तिने आईला फोन लावला आणि उद्या एक दिवस परसदारी बस म्हणून परोपरीने विनवलं. पलीकडून उत्तर आलं ते चालकाला लांबूनही ऐकू आलं. "खुर्ची माझी, ओसरी माझी. हलायचं तर त्या ट्रेलरने हलावं. आणि जावईबापूंना म्हणावं, आयुष्यात एकदा तरी गाडी नीट चालवा."

साहेबांनीही रात्र वाया घालवली नव्हती. सकाळी टेकडीवर नवी पाटी होती, 'सौम्य सपाटी'. ब्रेकची गरज फक्त उतारावर असते, आणि इथून पुढे तिथे उतारच नव्हता. तरीही कुणी बोट दाखवू नये म्हणून ट्रेलरला मागून जाड दोर बांधला होता आणि अख्खं कार्यालय तो धरून उभं होतं. याला मानवी ब्रेक म्हणायचं ठरलं.

भाषणं झाली, फीत कापली, जीप निघाली. निम्म्या सपाटीपर्यंत मानवी ब्रेक उत्तम लागले. मग वर कार्यालयात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली.

हेडक्लार्कने दोर सोडला. त्याने सोडल्यावर बाकीच्यांनी धरून ठेवणं शिस्तीत बसत नव्हतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. ट्रेलर जीपला पुढे घालून सुटला. आतली हेल्मेटं धडाधड एकमेकांवर आपटायला लागली, एक नळकांडं फुटलं आणि खिडक्यांतून पांढरा फेस उडायला लागला. चालक ब्रेकवर जवळजवळ उभा राहून भोंगा वाजवत होता. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या पिटत होते. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "कार्यालय म्हणजे कसं, असं पळायला पाहिजे."

खाली वळण आलं. ओसरीत सासूबाई होत्या, खुर्चीत, मांडीवर शेंगा सोलत. चालकाने डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे फार वाटले. जीप कशीबशी वळली. ट्रेलर वळायला तयार नव्हता. त्याने आपली कूस कुंपणाच्या भिंतीला खरखरून घासली, पिवळे पापुद्रे उडाले, कोपऱ्यातला बोल्ट पिरगळला आणि रंगातून आरपार जाऊन लोखंडात रुतला.

ट्रेलरला अर्थ मिळाला. चारी चाकं जागच्या जागी गच्च झाली.

कुंपण आडवं झालं होतं. ट्रेलर ओसरीला लागून उभा होता, खुर्चीपासून वीतभर अंतरावर, आणि घोषवाक्य बरोबर दारासमोर आलं होतं. चालक जीपमधून उतरला. सासूबाईंनी साडीवरचा फेस झटकला आणि ट्रेलरवरची अक्षरं एकदा नीट वाचली.

"आलात का," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "या."

चालकाला रडूच फुटलं. या बाई आपल्याला इतक्या हव्या असतील, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब धापा टाकत पोचले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही, कुंपणाकडे पाहिलं नाही. ते कोपऱ्यातल्या बोल्टपाशी उकिडवे बसले.

"रंग गेला," ते म्हणाले. "आजच्या आज पुन्हा द्या. बोल्टखालीसुद्धा. परवा पलीकडच्या टेकडीवरून न्यायचाय."

चालकाने डोळे पुसले. अर्थ, बोल्ट, लोखंड, सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"पलीकडच्या टेकडीखाली तुमचं कुणी राहतं का?" साहेबांनी विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. बायकोकडचं कुणी नव्हतं. त्याच्याकडचंही कुणी नव्हतं.

"नाही, साहेब."

"मग हितसंबंध नाही."

"नाही, साहेब," चालक म्हणाला, आणि ब्रश आणायला गेला.

तिथे कोण राहतं ते त्याला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. तो परवा आज उजाडला. सकाळीच तुम्ही खिडकीतून वर टेकडीकडे बघत घरातल्यांना हाक मारलीत ना, या जरा, बघा तरी, काय सुरेख पिवळा रंग दिलाय.