बिनखिशाची जाकिटं

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते कळत नाही. वाचणाऱ्याने राग मानू नये. काज मात्र मी सरळ करते, रशीदचाचांना विचारा.

रशीदचाचा म्हणजे मंडईमागच्या आमच्या गल्लीतले शिंपी. वय सत्तरीच्या पुढे, घरात एकटे. बारा वर्षं मी त्यांच्याकडे काज-बटणं करते. त्यांचा एक नियम सगळ्या पेठेला ठाऊक आहे. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या जाकिटाला ते खिसा शिवत नाहीत. वरून नुसती पट्टी, आत काही नाही.

"अहो चाचा, मोबाईल कुठे ठेवू?" एकाने विचारलं.

"हातात. निवडून आल्यावर लोक फोन करतील, तेव्हा उचलायला बरा."

कमरेचं माप घेतलं की आकडा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा सांगायचे. "मागच्या वेळेपेक्षा चार इंच जास्त. वॉर्डात नसेल, पण विकास झालाय!" तरी सगळे त्यांच्याकडेच यायचे. जाकिटाचा खांदा त्यांच्यासारखा कोणी बसवत नाही.

या वेळी सुनील उभा राहिला. त्याची आई मंडईत कोथिंबीर विकायची, आणि शाळा सुटली की तो चाचांच्या दुकानात चिंध्यांवर बसून अभ्यास करायचा. चाचांना मूलबाळ नाही. "माझ्या मशीनच्या आवाजात पाढे पाठ केलेत त्याने," एवढंच सांगायचे. आता सुनीलची गाडी आमच्या गल्लीत मावत नाही. त्याचा माणूस येऊन सांगून गेला, पंधरा जाकिटं हवीत, प्रचाराच्या दिवसाला एक. पैसे नंतर.

चाचांकडे कापडाला पैसे नव्हते. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पंचवीस हजार मी डब्यात साठवले होते, जूनमध्ये भरायचे होते. ते मी त्यांना दिले.

बटणं लावताना आत हाताला काहीतरी लागलं. प्रत्येक जाकिटाला आतून एक लहानसा खिसा होता.

"चाचा, ह्याला खिसा?"

"त्याला शेंगदाणे लागतात," चाचा मान न उचलता म्हणाले.

प्रचार निम्म्यावर आला आणि बोंब उठली. सुनीलचे फोटो ओळीने लावून मोबाईलवर फिरायला लागले. मंडईत गाळ्यागाळ्यावर तेच.

"नळाला पाणी नाही, आणि ह्याचं रोज नवं जाकीट!"

"मग मतं मागायला फाटक्यात यायचं का?"

"फाटक्यात नको हो. पण कालचं धुऊन घालता येतं की नाही?"

विरोधक विचारायला लागले, हा खर्च दाखवलाय का? सुनील कॅमेऱ्यासमोर हसून म्हणाला, "आमच्या एका चाचांनी प्रेमाने भेट दिलीत."

तासाभरात कॅमेरे दुकानात आले. मी पडद्याआड गेले, मला चार माणसांत बोलता येत नाही. चाचांनी खरं सांगितलं असतं तर पैसे मागायला तोंड राहिलं असतं, पण सुनील खोटा पडला असता. हे चाचा रिळाच्या पाच रुपयांसाठी गिऱ्हाइकाशी भांडतात.

"जाकिटं तुम्ही फुकट दिलीत?"

"दिली."

"पंधरा? कशासाठी?"

"वाढतं पोर आहे."

सगळे हसले. सुनील पंचेचाळीस वर्षांचा आहे. मी पडद्याआड जूनपर्यंतचे महिने मोजत होते.

सुनील निवडून आला. मिरवणूक मोठ्या रस्त्याने, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानावरून गेली, तेव्हा चाचा शेंगदाण्याची पुडी घेऊन पायरीवर उभे होते. सुनील रस्त्याच्या पलीकडच्या लोकांना हात करत होता. जीप पुढे गेली. चाचा बराच वेळ बघत राहिले.

"खांदा बरोबर बसलाय," म्हणाले.

त्यानंतर पैशांचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मे संपत आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि पाकीट हातात दिलं.

"वहिनी, मोजून घ्या."

"सुनीलने दिले?"

"दिले की. काल आला होता. इथेच बसला, चहा घेतला. जाकीट घालूनच आला होता."

हे सांगताना ते कात्री पुसत होते. त्यांच्या मागे ओव्हरलॉकचं मशीन असायचं, तिथे फरशीचा एक चौकोन उजळ दिसत होता.

"बरं झालं, आला ते," मी म्हणाले, आणि तिथेच बसून नोटा मोजल्या. पंचवीस हजार पूर्ण होते.