काशीआत्यांची सभा

काशीआत्या लिफ्टमध्ये शिरल्या की आधी सगळ्या मजल्यांची बटणं दाबतात. मग दाराला पाठ लावून म्हणतात, "सभा हाय. वर जाईस्तवर."

पुण्याजवळच्या ताथवड्यातली आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे इथले सगळे त्यांचे पाव्हणे. मी परभणीहून येऊन इथे चांगला मुरलो, तरी पाव्हणाच.

मध्यंतरी सभेला विषय एकच होता, फूटपाथ. इमारतीपासून आयटी कंपन्यांच्या बसथांब्यापर्यंत तो नव्हताच. शिफ्टला निघालेल्या पोरी कंटेनरच्या कडेने अंग चोरून चालायच्या. शेजारच्या मीनलला एका कंटेनरने घासलं, हात मोडला. तेव्हापासून आत्या पेटल्या. आयटीवाले, भाडेकरू, कामवाल्या, सगळ्यांना लिफ्टमध्ये गाठून त्यांनी एक दिवस महापालिकेच्या कचेरीत नेलं.

तिथल्या रस्त्याच्या साहेबांनी नकाशा उघडला. "आजी, फूटपाथ आहे की."

"झ्याक हाय," आत्या म्हणाल्या. "चला, त्याच्यावरनं चालू."

साहेब भला माणूस. शिफ्ट सुटायच्या वेळी खरंच आले. मागून कंटेनरने हॉर्न दिला, साहेब बाजूला सरले ते थेट गटारात, गुडघ्यापर्यंत. त्यांना ओढताना आत्याही घसरल्या. आम्ही दोघांना बाहेर काढलं. साहेबांच्या पायावर बाटलीतलं पाणी ओतत आत्या म्हणाल्या, "तुमचं न्हाई चुकलं. तुमाला चालून बघा असं कुनी सांगितलंच न्हवतं. तसा नियम करा."

फूटपाथ झाला, आम्ही थंडावलो. आत्या मात्र नियमासाठी कचेरीत जात राहिल्या. तिथे लिफ्ट नव्हती, म्हणून जिन्यात सभा. अखेर नियम निघाला, तोही सगळ्या शहरासाठी: रस्त्याचा आराखडा मंजूर करण्याआधी साहेबांनी रहिवाशांबरोबर तिथे चालून बघायचं. आत्यांनी इमारतभर पेढे वाटले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या.

"पाव्हणं, काय अडचण?"

"नाही हो आत्या. सगळं ठीक."

"बघा की. पानी, कचरा, कायबी."

त्यांचा मुलगा इथून जवळच, हिंजवडीला असतो, म्हणजे तिथल्या वाहतुकीमुळे परदेशातच. सणालाच येतो. त्या तशाच उभ्या राहिल्या, पायात चपला.

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "आत्या, आमच्या नळाला पाणीच येत नाही बघा." आणि धो धो वाहणारा नळ तिने हळूच बंद केला.

आत्यांनी चपला काढल्या. "चहा टाक," म्हणाल्या, "आन् बैजवार सांग."