मुरलीभाऊंचा डावा हात

मुरलीभाऊ महाजनांना कधी गिटार बदलताना पाहिलंत, तर घाबरू नका. पहिल्यांदा आम्ही सगळेच घाबरलो होतो. काळी गिटार खाली ठेवून ते लाल गिटार मांडीवर घेतात, डोळे मिटतात, डावा हात गुडघ्यावर उताणा टाकतात आणि गप्प बसून राहतात. समोर मांडवभर माणसं असतात. निवेदकाचे विनोद संपत आलेले असतात. अशात कोणी "भाऊ, सुरू करा ना" म्हटलं, तर डोळे न उघडताच म्हणतात, "थांबा ना जरा. हात अजून तिकडेच आहे."

तिकडे म्हणजे काळ्या गिटारीवर. मग थोड्या वेळानं उताण्या हाताची बोटं एकदम आखडतात, झोपलेलं माणूस दचकावं तशी. "आला," असं मुरलीभाऊ पुटपुटतात आणि वाजवायला लागतात. वाजवतात मात्र असं की मागचा सगळा खोळंबा माफ करावा लागतो.

मुरलीभाऊ वाजवतात त्याच बुऱ्हाणपूरच्या आर्केस्ट्रात मी गाते. दिवसा शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तिन्हीसांजेला कोणी मागून हाक मारली तर मी ओ देत नाही, एवढंच. मुरलीभाऊंचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान बुधवारा मोहल्ल्यात माझ्या घरासमोरच आहे. एकदा दुरुस्तीला दिलेला मिक्सर आणायला गेले, तेव्हा न राहवून मी विचारलंच, की हात तिकडे राहतो म्हणजे नेमकं होतं काय?

"असं आहे मॅडम, काळीच्या तारा जाड. जोर लावला तरच बोलते ती. लालच्या तारा पातळ. तोच जोर हिच्यावर लावला की सूर चढला, सत्यानाश! गिटार बदलली हे डोक्याला समजते. हाताला कोण सांगणार? तो तर काळीवरच वाजवून राहिला असतो."

इथवर सगळं विज्ञानात बसत होतं. दुसऱ्याची स्कूटी चालवताना माझंही तसंच होतं. पण हे सांगताना ते उजव्या हातानं चहा पीत होते आणि डाव्याची बोटं काउंटरवर भराभरा चालत होती.

"भाऊ, तुमची बोटं..."

त्यांनी हाताकडे पाहिलं. एखादं गिऱ्हाईक केव्हाचं उभं असावं तसं पाहिलं. "मी नाही, तो वाजवून राहिला," ते म्हणाले, आणि त्याला लागू नये म्हणून चहाचा कप बाजूला सरकवला. त्या दिवशी मी मिक्सर न घेताच घरी आले.

आमचं खरं भांडण होतं ते त्यांच्या तिसऱ्या गिटारीवरून. ही पिशवीत बंद. प्रत्येक कार्यक्रमाला येते, स्टेजमागे खुर्चीवर बसते, वाजत कधीच नाही. आम्हा गाणाऱ्यांना टेकायला जागा नसते आणि ही बया आरामात बसलेली. एकदा मी तिला भिंतीशी उभी करून खुर्ची घेतली, तर मुरलीभाऊ धावत आले. "उठा मॅडम. तिची खुर्ची आहे ती." तेव्हापासून मी रागानं माझी पर्स त्याच खुर्चीवर, तिच्या शेजारी खोचून ठेवते. कधी कधी ढोलक जोरात वाजली की त्या बंद पिशवीतून गुणगुणल्यासारखा बारीक आवाज येतो. ढोलकच्या आवाजानं तारा कंप पावतात, हे मी आठवीला शिकवते. तरी पर्स घ्यायला जाताना मी पिशवीकडे पाठ करत नाही.

ती गिटार त्यांच्या बायकोची, सुमनवहिनींची, हे मला ढोलकवाल्यानं सांगितलं. वहिनी नेपानगरच्या. वडील कागद कारखान्यात. कॉलनीच्या गणपतीत साडीचा पदर खोचून इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या म्हणे, आणि मुरलीभाऊ ते ऐकायला सायकलीवर जायचे. वहिनी साथीच्या दिवसांत गेल्या. खांदा द्यायला माणसं मिळाली नाहीत. किती जणांना तर त्या गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

"मग वाजवत का नाही?" मी मुरलीभाऊंना विचारलं.

"सुमनची करंगळी आखूड. वरचा सूर पुरायचाच नाही तिला. खालून घसरत जायची, असा ओढत आणायची. त्या दांडीवर अजून तिचाच हात आहे मॅडम. माझा हात तिथे येतच नाही, आणि येऊ भी नये. मी रोज वाजवली तर सवय होईल. सवय झाली की ती माझी गिटार होऊन जाईल. मग सुमन कुठे राहणार?"

पण पर्स मी तिथेच ठेवत राहिले, कारण खुर्च्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता.

मग निंबोला गावातलं एक लग्न आलं. स्टेजच्या मागे लगेच केळीचा बाग. दिवेलागणीची वेळ, वारा पडलेला, आणि तरी आत कुठंतरी एकच पान फडफडत होतं. जनरेटर खोकला, दिवे लाल झाले, पुन्हा उजळले. तेवढ्यात मुरलीभाऊंच्या काळीची तार तुटली. लाल उचलली, तर तिच्यातून आवाजच येईना. इकडे नवरी मांडवाच्या दारात उभी, आणि तिच्या गाण्याची सुरुवातच गिटारीनं. नवरीचे काका हातवारे करायला लागले.

मुरलीभाऊंनी मागे खुर्चीकडे पाहिलं. मग पिशवीची चेन उघडली.

आता हात यायला तास लागणार, म्हणून मी तोंडात खडीसाखर टाकली. पण ते थांबलेच नाहीत. डोळे मिटले नाहीत, हात उताणा टाकला नाही. सरळ वाजवायला लागले. आणि वरचा सूर आला तो खालून, घसरत, कोणी ओढत आणल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. जनरेटरमुळे असेल, असं म्हणून मी गायला लागले.

गाणं संपल्यावर पाहिलं तर मुरलीभाऊ स्टेजमागे जमिनीवर बसले होते. गिटार मांडीवर.

"काय सुरेख वाजवलंत!" मी म्हटलं.

"मॅडम, हात लगेच आला." ते म्हणाले. "थांबावंच नाही लागलं. माझी झाली ही. संपलं सगळं."

"पण तो वरचा सूर? तो तर खालून..."

"नाही. मी सरळ धरला होता."

मी त्यांच्या लांबसडक करंगळीकडे पाहत राहिले. इतक्यात केळीच्या बाजूनं एक बाई लगबगीनं आल्या. हात कोपरापर्यंत पिठाचे. नवरीची मावशी, नेपानगरची.

"ओ भाऊ, सुमन आली आहे का? मी मागे पुऱ्या पाहून राहिली होती, तर गिटार ऐकली. म्हटलं, ही तर आपली सुमनच! तो सूर तिच्याशिवाय कोणी तसा ओढत नाही. किती वर्षं झाली हो भेटून. कुठे आहे?"

मुरलीभाऊंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो दांडीवरच होता, अगदी शांत. मला गलबलून आलं, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

"हो ताई," ते म्हणाले. "आली आहे."

"मग जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका तिला! तेल तापलंय, मी आलीच." बाई आल्या तशा केळीआड गेल्या.

मुरलीभाऊ उठले आणि गिटार दोन्ही हातांनी धरून खुर्चीपाशी आले. खुर्चीवर माझी पर्स होती. मी ती उचलली आणि खुर्ची पदरानं पुसून दिली.