लाल लाईट लागली आहे

कोणतंही यंत्र सुरू होण्याआधी त्याचा शुभारंभ व्हावा लागतो, हे आता सर्वमान्य आहे. शुभारंभानंतर ते यंत्र चाललंच पाहिजे, असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही. रायपूरला शंकर नगरात असलेल्या आमच्या शाखेने या दोन्ही गोष्टींचं नुकतंच काटेकोर पालन केलं.

आम्ही ई-रिक्षाच्या मोटरी बनवतो. मोटर किती जोरात फिरवायची, हे ठरवणारा एक तळहाताएवढा बोर्ड असतो. तसा एक नवा बोर्ड आमच्या इंजिनियर देवश्रीने चाचणीसाठी मागवला होता. बंगळुरूची नोकरी सोडून ती चौबे कॉलोनीत आईजवळ राहायला आली होती, आणि पुण्याच्या मुख्य कचेरीने तिला साफ कळवलं होतं: शुक्रवारी विशालसाहेब येतील, त्यांच्यासमोर मोटर फिरली तर प्रयोगशाळा रायपुरात राहील. नाही फिरली तर प्रयोगशाळा पुण्याला जाईल आणि देवश्रीची जागा रद्द होईल.

एवढी मोठी बाब निव्वळ इंजिनियरवर सोडणं बरं नव्हे, म्हणून शुक्रवारी सकाळी पूजा ठेवली. शाखाप्रमुख श्यामराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी मोटरीला हार घातला आणि पाण्यात कालवलेलं कुंकू बोर्डाच्या बरोबर मधोमध लावलं. तिथे एक काळी चौकोनी चिप होती, ती त्यांना कपाळासारखी वाटली. मोटर डगमगू नये म्हणून तिच्याखाली बोर्डासोबत आलेली माहितीपुस्तिका ठेवण्यात आली. (पुस्तिका चांगली जाड होती. तिचा पुरेपूर उपयोग झाला.)

श्यामरावांनी बटण दाबलं. लाल लाईट लागली. टाळ्या झाल्या. मोटर फिरली नाही.

"लाल लाईट लागली ना?" श्यामराव म्हणाले. "मंग करंट बरोबर येऊन राहिला. बाकीचं पाहा."

हा निष्कर्ष पूर्णपणे शास्त्रीय होता. इस्त्री, गीझर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळ्यांवर लाल लाईट असते आणि ती लागली की काम झालं. (पाहणी केलेल्या शंभर टक्के घरांत असंच आढळलं. पाहणी माझ्या घरी केली.)

"काका, इसमें उलटा आहे," देवश्री म्हणाली. "लाल मतलब फॉल्ट. कुंकू ओलं आहे, चिपच्या पायांमधून करंट लीक होऊन राहिला, म्हणून बोर्ड स्वतःच बंद झाला. मी स्पिरिटने पुसून टाकते, एक मिनिटाचं काम आहे."

पद्मिनीबाईंनी आधी मंगळसूत्र घट्ट धरलं.

"पोट्टे," पद्मिनीबाई हळूच म्हणाल्या, "हे इथं बसले आहेत. यांच्यादेखत कुंकू पुसायची गोष्ट काहून करून राहिली तू?"

(श्यामरावांनी या वेळी स्वतःची नाडी पाहिली. ती ठीक होती.)

मग आम्ही पद्धतशीर दोषशोधन हाती घेतलं. वायरी बदलल्या. सप्लाय बदलला. मोटर बदलली. दक्षिणेकडे तोंड असलेलं टेबल पूर्वेकडे फिरवलं. प्रत्येक अपयशानंतर पद्मिनीबाईंनी कुंकू नव्याने लावलं, त्यामुळे ते दिवसभर ओलं राहिलं. टेक्निशियन राकेशने दर वेळी वाकून खात्री केली, "दीदी, लाइट तो बढ़िया जल रही है."

दुपारी देवश्रीने शेवटचा प्रयत्न केला. "काका, तुम्ही इतकी वर्षं सिग्नलात होते. लाल म्हणजे काय, तुम्हीच सांगा."

"गाडीले थांब," श्यामराव म्हणाले. "पण बोर्ड काय गाडी आहे?"

देवश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हालाही मनापासून वाईट वाटलं आणि आम्ही तिला पाणी आणून दिलं. (ऑफिसच्या फिल्टरवर लाल लाईट लागलेली होती, तेव्हा पाणी शुद्ध असण्याबद्दल प्रश्नच नव्हता.)

विशालसाहेब आले. चष्मा वर करून त्यांनी बोर्ड बारकाईने पाहिला. "लाल लाईट तर लागलेली आहे," ते म्हणाले, आणि मुख्य कचेरीतही आपल्यासारखीच माणसं आहेत हे पाहून आम्हाला धीर आला. त्यांचा अहवाल अगदी निष्पक्ष होता: सप्लाय उत्तम, वायरी उत्तम, मोटर उत्तम, बोर्ड उत्तम. मग दोष कुठे, हे लिहायची गरज उरली नाही. देवश्रीने संध्याकाळी आपला डबा आणि छत्री कायमची उचलली.

बोर्ड पार्सलने पुण्याला गेला. वाटेत कुंकू वाळलं आणि पार्सलच्या फोममध्ये झडून गेलं. पुण्याच्या लोकांनी बटण दाबताच हिरवी लाईट लागली आणि मोटर सुसाट फिरू लागली. "आशीर्वाद लागायले वेळ लागते," पद्मिनीबाई म्हणाल्या. पुण्याहून मात्र तातडीची विचारणा आली आहे: लाल लाईट का लागत नाही? आम्ही समिती नेमली आहे.

वाचकांना हे सगळं गमतीचं वाटलं असेल. हरकत नाही. फक्त एकदा स्वयंपाकघरात जाऊन या. तुमच्या पाण्याच्या फिल्टरवरची लाल लाईट कधीपासून लागली आहे? सकाळपासून तुम्ही त्याच फिल्टरचं पाणी पिऊन राहिले, मुलांच्या बाटल्याही त्याच्यावरच भरल्या. ती लाईट कशासाठी असते, हे सांगणारं माणूस चौबे कॉलोनीत आहे. सध्या ती दिवसभर घरीच असते. पण तुम्ही कशाला विचाराल? लाईट तर लागली आहे.