आप्पांचं बाविसावं गाणं

धुडकू आप्पांनी कॉम्प्युटर विकत घेतला आणि पहिले आठ दिवस चालू करण्यापलीकडे त्याला हात लावला नाही. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते त्याच्यासमोर खुर्चीवर बसत आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवत. यंत्र चालू. पडद्यावर हिरवी टेकडी. आप्पा टेकडीकडे बघताहेत, तासभर.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. विचारलं, "आप्पा, बिघडलाय का?"

"नही गुरुजी. लूमवर नवा माणूस उना का आठ दिन हात मांगे. फक्त देखानं. घाई केली का बोट जातं." आणि त्यांनी डाव्या हाताची अर्धी करंगळी माझ्या नाकासमोर धरली. "मी सहाव्या दिवशी घाई केली व्हती."

बमरोली रोडवरच्या आमच्या सोसायटीत आप्पा तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. मी मूळचा सांगलीकडचा. सुरतेतल्या मराठी शाळेत शिकवतो आणि शाळेचे निकाल कॉम्प्युटरवर करतो, एवढ्याच भांडवलावर सोसायटीने मला कॉम्प्युटरमधला जाणकार ठरवून टाकलं आहे. आप्पा खानदेशातले, पारोळ्याकडचे. सुरतेच्या पांडेसऱ्यात चाळीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. कारखान्यात त्यांना मास्तर म्हणत. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने ऑफिसातलं सामान काढलं. लोकांनी पंखे घेतले, कपाटं घेतली. आप्पांनी कॉम्प्युटर घेतला. बायको गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं.

लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत. आप्पा बोलतात ते समोरच्याशी नाही, सगळ्या सोसायटीशी. आणि ऐकतात ते तळहाताने. माणसांनी कानाशी ओरडायचं, तेही पोचलं नाही तर वहीत लिहून दाखवायचं. कॉम्प्युटर सुरू केला की त्याच्या डब्यावर पंजा ठेवून डोळे मिटतात. "चालू राह्यना," म्हणजे चालू आहे, असं म्हणतात आणि मगच पुढचं काम. फोनसुद्धा त्यांच्या लेखी बोलण्यासाठी असतो, ऐकण्यासाठी नाही. नंबर लावतात, आपलं सांगून टाकतात आणि ठेवून देतात. पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेपर्यंत आप्पा चहाला बसलेले असतात.

जगातल्या कुठल्याही संकटाला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "धागा तुटना. गाठ मारू." तुटना म्हणजे तुटला. वीज गेली, धागा तुटना. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची सोयरीक मोडली, तेव्हा तर भर पंगतीत मोठ्याने म्हणाले, "धागा तुटना!" मुलीच्या बापाने पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकदा कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरायला लागला तर आप्पांनी त्यात मशीनचं तेल सोडलं, चांगलं चमचाभर. मी डोक्याला हात लावला. पंखा मात्र त्या दिवसापासून गुपचूप फिरतोय, हे कबूल करावं लागेल.

एवढा सगळा खटाटोप पेढ्याच्या डबीएवढ्या एका यंत्रासाठी होता. आप्पांनी ते स्टेशनाजवळच्या बाजारातून आणलं होतं. गाणी भरायची, मोठं बटण दाबायचं, वाजतं. मोबाइल नको, रेंज नको. शिवाय एक लाल बटण होतं, ते दाबून आपला आवाजही त्यात भरता यायचा. गाणी भरायला मात्र कॉम्प्युटर लागतो, असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून कॉम्प्युटर. माणूस घोड्यासाठी नाल घेतो, आप्पांनी नालेसाठी घोडा घेतला.

यंत्र होतं अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून गावी, सासरच्या घरात खाटेवर पडून असते.

आखाजी म्हणजे काय हे मला खानदेशी शेजार मिळेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ती अक्षय्य तृतीया, आमरस खाऊन झोपायचा दिवस. खानदेशात तो लेकीबाळींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जातो, तिला माहेरी घेऊन येतो. मग झाडाला झोके बांधायचे आणि बायकांनी झोक्यावर गाणी म्हणायची. आप्पा सुरतेला आले त्या पहिल्याच वर्षी अक्काला त्यांनी निरोप धाडला होता, मी येतो. त्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली, आप्पांना सुटी मिळाली नाही. अक्का दिवसभर ओट्यावर बसून राहिली. गल्लीतल्या सगळ्यांचे भाऊ आले.

"दुसऱ्या वर्षी जायचं होतं ना," मी म्हटलं.

"दुसऱ्या वर्षी लाज वाटनी. तिसऱ्या वर्षी जास्त वाटनी." आप्पा म्हणाले. पुढे आईवडील गेले. ही खोली घ्यायला गावचं घर विकलं. लग्नाकार्याला, मयताला ते गावी जात, अक्काला भेटतही. पण आखाजीला कधी गेले नाहीत आणि तिनेही कधी विषय काढला नाही. आता तिचं वय झालं, तिला झोक्यावरची गाणी तरी मिळावीत, एवढाच आप्पांचा ध्यास होता. तिला मिळणार ती गाणी त्यांना स्वतःला ऐकू येणार नव्हती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

सोसायटीत खानदेशी बायका पुष्कळ. आप्पा ऐन थंडीत मोबाइल घेऊन त्यांच्या दारोदार फिरू लागले. "आखाजीचं गाणं म्हण."

"आप्पा, आते? स्वेटर घालीसन?" शेजारच्या कलाबाई हसून हसून बेजार. पण एकदा सुरू झाल्यावर त्याच थांबेनात. बायका आप्पांच्या खोलीत जमायच्या, आप्पा मोबाइल तांब्यावर टेकवून समोर मांडी घालून बसायचे. एका गाण्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. एकात भंगारवाला येऊन गेला आहे. एकात दोघी मध्येच थांबून पुढच्या कडव्यावरून भांडतात, आणि नंतर एकदम गप्प होऊन एक जण रडते. ते पुसून टाकू का विचारलं तर आप्पा म्हणाले, "राहू द्या. तेबी आखाजीच शे."

अशी एकवीस गाणी झाली. मी ती मोबाइलमधून कॉम्प्युटरवर घेऊन दिली, एका फोल्डरमध्ये ठेवली, आणि आप्पांना सापडावीत म्हणून पडद्यावर प्रत्येकाचं शॉर्टकट करून दिलं. इथेच घात झाला.

एका रविवारी आप्पा वर आले ते धापा टाकत. "गुरुजी! एकवीस गाणी भरली! पापणी लवायच्या आत!" मी खाली गेलो. यंत्र वायरने जोडलेलं, नावांची यादी लखलखीत. आप्पांनी वायर काढली, बटण दाबलं, यंत्रावर पंजा ठेवला. डोळे मिटले. मग उघडले. पुन्हा दाबलं. चेहरा उतरला.

"गुरुजी," जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हातबी बहिरा झाला का?"

यंत्रातून काही वाजतच नव्हतं. गाणी गेलीच नव्हती, गेले होते शॉर्टकट. आता हे चाळीस वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाला कसं समजवावं? मी म्हटलं, "आप्पा, व्यापारी गिऱ्हाइकाला आधी काय दाखवतो? कापडाचा ताका?"

"नही. नमुन्याची पट्टी."

"तुम्ही यंत्रात एकवीस पट्ट्या भरल्यात. ताके सगळे तुमच्या गोदामातच."

आप्पांनी पडद्यावरची नावं एकेक बोटाने मोजली. मग गरजले, "म्हणजे मी बहिणीला एकवीस चिंध्या धाडत व्हतो!" आणि इतके हसले की कलाबाई बघायला आल्या. त्या दिवसापासून फोल्डरला आमच्याकडे गोदाम म्हणतात. आप्पांनी एकेक ताका स्वतः मोजून यंत्रात चढवला, दर गाण्याला पंजा ठेवून तपासला. मला मदत करू दिली नाही.

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा गावाकडचा एक जण लग्नासाठी निघाला होता. त्याच्याबरोबर यंत्र धाडायचं ठरलं. आदल्या दिवशी आप्पा माझ्याकडे ठेवून गेले, "एकदा नजर मारा." मला टापटिपीची खोड आहे. शाळेत मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवरचे घोडेसुद्धा मी खोडरबराने पुसतो. बघतो तर एकवीस गाण्यांशिवाय आणखी चार रेकॉर्डिंगं, नावं नाहीत, नुसते आकडे. पहिलं लावलं, खोकला. दुसरं, पंख्याचा आवाज. तिसरं, पुन्हा खोकला. चौथ्यात बराच वेळ काहीच नाही. आप्पांनी चुकून लाल बटण दाबलं असणार, असं म्हणून मी चारही पुसून टाकली. अशा यंत्रातून पुसलेलं परत मिळत नाही.

संध्याकाळी आप्पांनी यंत्र नेलं आणि पाच मिनिटांत परत आले. "बाविसावं कुठे शे?"

"ते चुकून झालेलं होतं, आप्पा. खोकला आणि पंखा. मी साफ करून दिलं," मी वर हसलोसुद्धा.

आप्पा माझ्या पलंगाच्या कडेवर बसले. "चौथं पुरं ऐकलं का?"

मी मान हलवली. नव्हतं ऐकलं.

"शेवटी एक वाक्य व्हतं. मनं, स्वतःचं."

मी वही पुढे केली. मोठ्याने विचारायची हिंमत होईना. आप्पांनी लिहिलं नाही, पण सांगितलं. मुराळी बहिणीच्या दारात उभा राहून जे म्हणतो तेच. "आक्का, मी तुले लेवाले उनू." मी तुला न्यायला आलो. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना चार वेळा लाल बटण दाबावं लागलं होतं, आणि चाळीस वर्षं.

मला तोंड लपवावंसं वाटलं. मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं, लाल बटण दाबून दिलं. आप्पा ताठ बसले, घसा साफ केला. ओठ हलले. आवाज नाही. सगळ्या सोसायटीला ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. तीनदा प्रयत्न केला. मग त्यांनी स्वतःच यंत्र बंद केलं.

मी वहीत लिहिलं, 'फोनवर सांगा ना.'

"फोनवर कधी मुराळी जातो का, गुरुजी?" मग म्हणाले, "फोनवर ती उलटून बोलनी तर? इतके वर्ष कुठे व्हता, म्हननी तर? माले ऐकू नही येवाव, तरी तिनी सून नंतर माले सांगी ना. यंत्राला कोणी उलट बोलत नही."

त्यांनी यंत्र खिशात टाकलं आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी तो लग्नवाला माणूस यंत्र न घेताच गेला. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांच्या दाराला कुलूप दिसलं. कलाबाई म्हणाल्या, पांढरं धोतर नेसून, टोपी घालून उधना स्टेशनावर गावच्या गाडीला गेले. एवढ्या वर्षांत धोतरात आप्पांना कोणी पाहिलं नव्हतं.

आखाजीला दुपारी माझा फोन वाजला. उचलला तोच आप्पा सुरू. "गुरुजी, बोलनू! दारात उभा राहीसन बोलनू!" मागे झोक्याचं गाणं वाजत होतं, कुकरच्या शिट्टीसकट. "ती रागावनी नही. काहीच बोलनी नही. सुनेला म्हननी, मनी पिशवी भर. दोन लुगडी भरली, तंबाखूची डबी भरली. पिशवी खाटेवर घेऊन बसनी शे. गुरुजी, गावनं घर तर मी इकी टाकं. आते मी हिले लिसन जाऊ कोठे?"

मला वाटलं, नेहमीसारखा फोन आता ठेवतील. पण ठेवला नाही. पलीकडे नुसतं गाणं चालू. आप्पा उत्तराची वाट बघत होते, ऐकू येत नसताना.

मी ओरडलो, "सुरतेला आणा! इथे आणा तिला! आम्ही खुर्चीवर बसवून उतरवून घेऊ!"

"काय?" आप्पा म्हणाले. "काय बोलना?"

त्यांना ऐकू गेलं नव्हतं. फोनच्या जवळच कुठेतरी एक बारीक, स्वच्छ म्हातारा आवाज उठला. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मंग गाडी कितला वाजता शे?"

मी घाईघाईने चष्मा शोधला आणि वेळापत्रक बघू लागलो.