सूर्याने एकदा शिजवलेलं

१० फेब्रुवारी, रविवार. सकाळी भाकरीचं पीठ चाळायला बसले होते. चाळीतून संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रहींची तुकडी दुपारी निघायची होती आणि तिची शिदोरी आम्ही बायकांनी बांधायची ठरली होती. माझी गिरणी कामगारांची खाणावळ, त्यामुळे पुढाकार अर्थातच माझ्याकडे आला. चाळणी हलवते आहे तोच पिठावर सावली पडली. मान वर न करताच कोण ते कळलं, कारण सावली काहीतरी कचाकचा चावत होती.

"वहिनी, हे पीठ अद्याप जिवंत आहे," सावली म्हणाली. "आपण त्याला तव्यावर जाळणार?"

हे शेजारचे भिकूदादा. हातात कच्च्या दुधीचा तुकडा. दुसऱ्या हाताने त्यांनी चिमूटभर पीठ उचललं, अंगाऱ्यासारखं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"सूर्याने एकदा शिजवलेले आहे. पुन्हा शिजवण्याचे कारण काय?"

हे वाक्य चाळीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. वर्षभरापूर्वी भिकूदादा शिवाजी पार्कवर क्रिकेट बघायला गेले आणि तिथे पांढऱ्या कपड्यांतल्या कुणा गृहस्थाचं व्याख्यान ऐकून आले. त्या दिवसापासून त्यांनी शिजवलेलं अन्न सोडलं. मोड आलेले मूग, भिजवलेले गहू, गाजर, खोबरं, कोबीची पानं. खाकी पँटच्या एका खिशात शेंगदाणे आणि दुसऱ्यात मुळा. अन्नाबद्दल बोलायला लागले की भाषा त्या व्याख्यानातली, छापील. एरवी सावंतवाडीकडचा सरळ मालवणी माणूस. गडबडला किंवा चिडला की छापील भाषा गळून पडायची आणि मूळची बाहेर यायची.

यातली खरी गंमत अशी, की भिकूदादा गिरणीत बॉयलरवर होते. पाळीभर आगीच्या तोंडात कोळसा घालायचा आणि घरी येऊन काकडी चावायची.

माझ्याकडे जेवणारा पांडू त्यांना सोडत नसे. एकदा भर पंगतीत म्हणाला, "दादा, बोंबील पण कच्चाच खाणार काय?"

सगळे हसले. भिकूदादा हसले नाहीत. छताकडे बघत त्यांनी विचार केला.

"ओला नाही," ते म्हणाले. "परंतु सुका बोंबील उन्हात वाळतो. म्हणजे तो सूर्यानेच शिजवला."

आणि सुका बोंबील त्यांनी तसाच चावून खाल्ला. पुढे दोन दिवस बॉयलरपाशी त्यांच्या जवळ कुणी उभं राहत नव्हतं, असं पांडू सांगायचा.

या खुळाचा मला रागच यायचा. माझं पोट शिजवण्यावर चालतं आणि हा माणूस माझ्याच दारात उभा राहून माझ्या गिऱ्हाइकांना 'तुम्ही ताटात मढं घेऊन बसला आहात' असं सांगतो. वर त्यांची बायको सावित्री दम्याची. तिच्यासाठी माझ्याकडून रोज एक डबा जायचा. 'आजाऱ्याचं वेगळं,' असं भिकूदादा म्हणत. घरातली शेगडी त्यांनी फळीवर चढवून ठेवली होती आणि तिच्यात कोथिंबीर लावली होती. बायका कुजबुजत, नवऱ्याच्या थंड खाण्यानेच हिचा दमा वाढतोय.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नव्हती. भिकूदादा यायचे ते बरोबर फोडणीच्या वेळी. दुपारच्या पाळीला निघण्याआधी, तेलात लसूण पडली की हे दारात. व्याख्यान सुरू. "वहिनी, या तेलाने अन्नातले प्राणतत्त्व..." इथपर्यंत येत आणि थांबत. लसूण तांबूस होत आलेली असे. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात वाफ हळूहळू वर चढत असे आणि भिकूदादा तिच्याकडे असे बघत राहत, की ते चिंचपोकळीत नसून कुठल्यातरी लांबच्या ओसरीवर उभे आहेत. तोंड उघडं, हातातला मुळा हातात. मग आमटीवर झाकण पडलं की दचकून भानावर यायचे.

"प्राणतत्त्वाचं काय झालं?" मी विचारायची.

"गेला," असं म्हणून निघून जायचे.

तर त्या रविवारी मी पीठ चाळत होते आणि भिकूदादा हटायला तयार नव्हते.

"सत्याग्रहींना भिजवलेले चणे द्या," ते म्हणाले. "गूळ द्या. खोबरे द्या. आज शेगड्या पेटवू नका."

"चणे खाऊन माणसं मार खातील की पोट धरून बसतील?"

"मी स्वतः भिजवलेले देतो. सगळे चणे मी देतो."

तोवर बायका परात घेऊन जमल्या होत्या. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. एक म्हणाली, "भिकूभावजी, महाराष्ट्र पण कच्चाच घेणार काय?" भिकूदादांचा चेहरा पडला. एरवी टिंगल त्यांच्या अंगावरून पाण्यासारखी जायची. त्या दिवशी ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. भर दिवसा, रविवारी, चाळीत दार लावून घेणं म्हणजे भांडणच. म्हटलं, फुगू देत.

आमच्याकडे शेगडी खोलीत पेटवत नाहीत. बाहेर गॅलरीत ठेवायची, खाली गोवरीचा तुकडा, वर कोळसे, रॉकेलची चिंधी. धूर संपला, निखारे फुलले, की आत न्यायची. म्हणजे आपली खोली स्वच्छ राहते. रोज कुणाची आधी, कुणाची नंतर. त्या दिवशी शिदोरी वेळेत व्हायला हवी म्हणून मीच सांगितलं, सगळ्यांनी एकदम पेटवा.

गॅलरी पांढरी झाली. वारा मुळीच नव्हता. धूर वर जाईना, बाहेर जाईना, कठड्याशी ढगासारखा लोळत राहिला. बायका त्यात अर्ध्या दिसत, अर्ध्या विरत. कुणाची नुसती बांगड्या भरलेली मनगटं पंखा हलवताना दिसत होती. खालून प्रभातफेरीतल्या पोरांच्या घोषणा फार दुरून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. चाळ जमिनीवरून सुटून कुठेतरी तरंगत निघाली आहे असं क्षणभर मलाही वाटलं. मी असल्या वाटण्यात रमणारी बाई नाही, पण वाटलं हे खरं.

तेवढ्यात धुरातून भिकूदादा आले. माझी खाणावळीची मोठी शेगडी, पेटती, त्यांनी नुसत्या हातांनी उचलली आणि जिन्याकडे चालू लागले.

"अगो बाय! खुळो झालो पुरो!" कुणीतरी ओरडलं.

मी त्यांच्या मागे धावले. त्यांच्या दारावरून जाताना दार उघडं दिसलं आणि माझे पाय थांबले. खिडकीच्या फटींत ओलं धोतर कोंबलेलं. सावित्री भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात जमिनीवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. ती श्वास ओढत होती आणि श्वास येत नव्हता. शेजारी सूप पडलं होतं. त्या सुपानेच भिकूदादा तिला वारा घालत असणार.

मी गॅलरीत येऊन एकच आवाज दिला. "विझवा! सगळ्या विझवा!" माझा आवाज पंगत आवरणारा आहे. शेगड्यांवर पाणी पडलं. पांडूने आणि मी सावित्रीला उचलून गच्चीवर नेलं आणि मोकळ्या हवेत बसवलं. हळूहळू तिच्या ओठांचा रंग परत आला. बायकांना तिच्याजवळ बसवून मी खाली उतरले.

भिकूदादा जिन्याच्या तळाशी बसले होते. शेगडी समोर, निखारे आता छान फुललेले.

"सावित्री बरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग निखाऱ्यांकडे बघत, छापील भाषेतला एकही शब्द न वापरता बोलले.

"वयनी, डाक्टर म्हणालो, धूर बंद करा. ही आयकता काय? म्हणता, घोव उपाशी कामाक जाता आनि मी शेगडी बंद ठेवू? तुमच्याकडचा खातंय म्हटलंय, तर रडाक लागली. म्हणता, मी जिवंत आसताना तुमका खाणावळ कित्याक? मग मी काय करू? सांगलंय, माका शिजवलेलाच नको. मग ती पेटवतली कोणासाठी?"

"आणि ते व्याख्यान?"

"ता बरा गावला."

"अहो, मग चाळीला सांगायचं. सगळे तुम्हाला खुळा म्हणतात."

"म्हणांदेत. तिका कळूक नको. कळला तर उद्या पेटवतली."

मी विचारलं, "तुम्हाला आवडतं का हो ते कच्चं?"

ते निखाऱ्यांकडे वाकले. निखाऱ्यांचा उजेड चेहऱ्यावर पडला होता. "उकड्या तांदळाची पेज," ते हळूच म्हणाले. "गरम. मीठ घातलेली. वाफ नाकात जाता..." मग एकदम सावरून बसले. "सूर्याने एकदा..." पण पुढचं वाक्य त्यांना आठवलं नाही.

शिदोरी शेवटी दुसऱ्या चाळीतल्या बायकांनी केली. आमच्या चाळीने भिकूदादांचे चणे दिले. ते त्यांनी खरोखरच आदल्या रात्री भिजवून ठेवले होते.

संध्याकाळी सावित्रीला डबा द्यायला गेले. भिकूदादा नळावर होते. तिने माझा हात धरला.

"वयनी, देवाशपथ खरा सांगा. हे तुमच्याकडे चोरून जेवतत काय? गरम खाऊक होया असात, तर मी उद्यापासून पेटवतंय. आता बरा वाटता माका."

तिच्या छातीत अजून सूं सूं वाजत होतं.

"माझ्याकडे?" मी म्हटलं. "तो मेला माझी आमटी म्हणजे मढं म्हणतो. तुझा नवरा आहे म्हणून सोडते, नाहीतर कधीच लाटणं घातलं असतं. सुधारणारा नव्हे तो. शेगडी पेटवलीस तर कोथिंबीर फुकट जाईल, एवढंच."

सावित्रीने कपाळावर हात मारला. "खुळोच गावलो माका," असं म्हणाली आणि उशीला टेकून बऱ्यापैकी समाधानाने जेवू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाणावळीची शेगडी उचलून खाली अंगणात नेली, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पेटवली आणि निखारे फुलल्यावर वर आणली. पांडू म्हणाला, "मावशी, एवढे जिने कशाला?" म्हटलं, "वर हवा लागत नाही. उद्यापासून तू उचल." बाकीच्या बायकांनाही तेच सांगितलं, आणि मी सांगितलं की चाळीत सहसा कुणी कारण विचारत नाही.

मग डाळ घोटली, लसूण ठेचली, तेल तापवलं. आणि भिकूदादा दारात येऊन उभे राहीपर्यंत फोडणी थांबवून ठेवली.